फोंड्यातल्या मंडळाच्या जुन्या फायली, आणि 'यूनिकोड आहे ना आमच्यात' म्हणणारी कंपनी

प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका सांस्कृतिक मंडळाचं आहे. मंडळाचं नाव देत नाही, आणि ज्या कंपनीचं मराठी सॉफ्टवेअर होतं तिचंही देत नाही, कारण नाव घेतलं की सगळं बोलणं त्या एका कंपनीवर घसरतं आणि बाकीच्या अलगद सुटतात, आणि त्या काळात या धंद्यात सगळ्यांची रीत थोड्याफार फरकाने सारखीच होती. मंडळ दरवर्षी दिवाळी अंक काढतं, चवथीला (गणेश चतुर्थीला) स्मरणिका असते, मधली काही वर्षं त्रैमासिकही चालवलं. नव्वदीच्या मध्यापासूनचं सगळं कॉम्प्युटरवर लावलेलं आहे, म्हणजे पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मराठी अक्षरं त्या कंपनीच्या फॉन्ट-पॅकेजमधली. फायली सगळ्या शाबूत आहेत. वाळवी लागली नाही, पावसात भिजल्या नाहीत (गोव्यात हे वेगळं सांगावं लागतं), सीड्यांना बुरशी आली पण त्याआधी कोणीतरी शहाण्या माणसाने सगळं हार्डडिस्कवर घेऊन ठेवलं होतं. आणि तरीही त्यातला एक परिच्छेद उचलून कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचा म्हटला तर जात नव्हता.

हे इतकी वर्षं कोणाला टोचलं नाही, कारण अंक छापला की काम संपायचं. टोचलं तेव्हा दोन गोष्टी एकदम आल्या. मंडळाला जुन्या अंकांमधल्या निवडक लेखांचं पुस्तक काढायचं होतं, आणि त्याच सुमारास एक पीएचडी करणारी मुलगी आली जिला गोव्यातल्या मराठी नियतकालिकांमधलं जत्रा, काला, दशावतार यांच्यावरचं लिखाण हवं होतं. तिने अगदी साधा प्रश्न विचारला, 'काका, फायलींमध्ये सर्च करता येईल ना?' संपादक सरांनी हो म्हटलं. मग डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, करणाऱ्या ताईला फोन, आणि ताई म्हणाली सर्च वगैरे काही होत नाही, पानं उघडून डोळ्यांनी वाचायची.

मला बोलावलं गेलं ते इथे.

आधी फायली काय आहेत ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. त्या फायलींमध्ये मराठी नाहीच आहे. दिसतं मराठी, छापून येतं मराठी, पण आत साठवलेली आहेत इंग्रजी अक्षरं आणि डॉलर, टक्का, कंस असली चिन्हं. फॉन्ट बनवणाऱ्याने काय केलेलं असतं, तर जिथे एरवी रोमन 'के'चं चित्र असतं तिथे त्याने काना बसवला, जिथे 'डी'चं चित्र तिथे क बसवला. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. कृतिदेव नावाचा फॉन्ट उत्तरेकडे खूप चालतो (आमच्या प्रकरणातला तो नव्हे, पण त्याचं उदाहरण सगळीकडे पडलेलं आहे), त्यात 'हिन्दी' हा शब्द आत कसा असतो तर स्मॉल एफ, स्मॉल जी, कॅपिटल यू, स्मॉल एन, स्मॉल एच. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, जी म्हणजे ह, कॅपिटल यू म्हणजे अर्धा न, एन म्हणजे द, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. नीट बघा, वेलांटी ह च्या आधी आहे, कारण कागदावर ती डावीकडे दिसते म्हणून. म्हणजे भाषा नाही साठवली, चित्राचे तुकडे डावीकडून उजवीकडे मांडून ठेवले. आणि प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपापल्या मर्जीने वेगळ्या जागी ठेवले. एकाचा रफार दुसऱ्याचा उकार. फॉन्ट बदलला की पानाचा चिवडा होतो तो यामुळेच.

आता कोणी म्हणेल की त्या काळात दुसरा इलाजच नव्हता, तर ते अर्धंच खरं आहे. विंडोज ९८ पर्यंत देवनागरी जोडाक्षरं जुळवायची सोयच नव्हती आणि पेजमेकरला तर ती शेवटपर्यंत आली नाही (शेवटची आवृत्ती सात, २००१ ची). एका फॉन्टमध्ये मोजून दोनेकशे जागा वापरता यायच्या, मराठीला जोडाक्षरांसकट त्याहून जास्त चित्रं लागतात, म्हणून अक्षरांचे तुकडे पाडावे लागले. ही कारागिरी होती आणि त्यावर आपले सगळे अंक, पत्रिका, निवडणुकीची पत्रकं निघाली, त्याबद्दल त्या लोकांना मान द्यायलाच हवा. पण अक्षरं दाखवायची कशी हा एक प्रश्न आणि मजकूर साठवायचा कशात हा दुसरा, आणि दुसऱ्याला उत्तर तेव्हाही होतं. इस्की नावाचं भारतीय मानक होतं, आयएस १३१९४, साल १९९१, भारतीय मानक ब्यूरोचं. त्यात क म्हणजे क, मग तो कसाही दिसो, आणि वेलांटी उच्चाराच्या क्रमाने क नंतर. यूनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक ठरलेला नंबर देणारं मानक, त्याची पहिली आवृत्तीही १९९१ चीच आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेला. म्हणजे कंपन्यांना आत इस्की ठेवून बाहेर आपला फॉन्ट दाखवता आला असता, निदान 'इस्कीमध्ये सेव्ह करा' असं एक बटण सगळ्यांना फुकटात देता आलं असतं. काहींनी दिलंही होतं. पण जिथे दिलं तिथे ते सहसा महागड्या आवृत्तीत, आणि आमच्या मंडळाने घेतलेलं पॅकेज साहजिकच सगळ्यात स्वस्तातलं.

वर लॉक. डीटीपीवाले नुसतं 'लॉक' म्हणतात. प्रिंटरची वायर लागते तिथे पाठीमागे एक खुंटा लावायचा, मग त्याच्या पाठीवर प्रिंटर. तो खुंटा नसला तर पॅकेज चालू होत नाही, म्हणजे जुनं पान दिसतं पण त्यात एक काना दुरुस्त करता येत नाही. नव्या कॉम्प्युटरना तो पोर्टच नसतो, म्हणून ताईने एक जुना पीसी जपलाय, त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, वर्षातून थोडे दिवस चालू करायचा.

२००० साली विंडोज २००० आलं आणि त्यात यूनिकोड देवनागरी आली, मंगल फॉन्टसकट. एक्सपीमध्ये पण होती, फक्त सेटिंगमध्ये जाऊन टिक करून सीडी घालावी लागायची. म्हणजे तांत्रिक अडचण तिथून सुटायला लागली. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी भारतीय भाषांचं अधिकृत कोडिंग म्हणून यूनिकोड जाहीर केलं. मग आमच्या मंडळाचा २०१७ चा अंक त्या जुन्याच कोडमध्ये का आहे? याचं उत्तर शोधायला मी ताईच्या शेजारी बसलो आणि या प्रकरणातली मला सगळ्यात शिकवून गेलेली गोष्ट तिथे मिळाली.

ताईला यूनिकोड नको होतं कारण तिला सांगितलं गेलं होतं की यूनिकोडमध्ये टाइपरायटरचा कीबोर्ड चालत नाही. तिची बोटं मराठी टायपिंगच्या परीक्षेपासून त्या कीबोर्डवर बसलेली, ती का बदलेल? आणि हे सांगणारा होता कंपनीचा एजंट, जो दर वर्षी यायचा. आता कीबोर्डचा आणि कोडिंगचा काडीचा संबंध नाही. कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटणार हे वेगळं, आणि ते अक्षर फाइलमध्ये कुठल्या नंबराने बसणार हे वेगळं. टाइपरायटरचा लेआउट ठेवून आत यूनिकोड भरता येतं, इनस्क्रिप्ट हा सरकारी लेआउट ठेवूनही येतं, रोमन टाइप करूनही येतं. मी तिला लेआउट लावून दाखवला तर ती पाचेक ओळी टाइप करून थांबली आणि म्हणाली, 'मग तो मला इतकी वर्षं काय सांगत होता रे?' एजंट खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, कदाचित त्याला स्वतःलाच तसं शिकवलेलं असेल. पण असल्या समजुती ज्याच्या फायद्याच्या असतात तो त्या दुरुस्त करत बसत नाही.

मग कंपनीला विचारलं. रीतसर ईमेल केली, सरांच्या सहीने, की आमचा स्वतःचा मजकूर यूनिकोडमध्ये हवा आहे, काय करावं लागेल. उत्तर पटकन आलं आणि फार गोड आलं: आमची नवीन आवृत्ती पूर्ण यूनिकोड आहे, त्यात कन्व्हर्टर आहे, ती घ्या. किंमत आमच्या एका दिवाळी अंकाच्या छपाईच्या निम्म्याच्या घरात, आणि दर वर्षाचं वेगळं. डेमो मागितला तर त्यांनी आमचंच एक पान कन्व्हर्ट करून पाठवलं.

ते पान मी उघडलं. वर्डमध्ये छान दिसत होतं, त्यांचा फॉन्ट लावलेला. फॉन्ट बदलला आणि निम्मा मजकूर चौकोन चौकोन. कोड काढून बघितले तर साधी अक्षरं देवनागरीच्या जागेवर होती, पण जोडाक्षरं आणि कुठे कुठे वेलांट्या यूनिकोडच्या 'प्रायव्हेट यूज' भागात टाकलेल्या. हा भाग काय आहे, तर यूनिकोडने आपल्या मुख्य तक्त्यात ६४०० जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत, तिथे आम्ही कधीच काही ठेवणार नाही, ज्याला जे खासगी ठेवायचं ते त्याने ठेवावं म्हणून. नियमाप्रमाणे बघितलं तर कंपनी खोटं बोलत नव्हती, एकेक कोड यूनिकोडमधलाच होता. पण 'द्वादशी' सर्च केलं तर सापडत नाही, कारण त्यातला द्व हा त्या कंपनीचा खासगी द्व आहे, आणि तो द्व दिसण्यासाठी त्यांचाच फॉन्ट लागतो. विचारलं तर म्हणाले, जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटू नयेत म्हणून ही सोय केली आहे. सोय म्हणून ती खरोखरच होती, एकेकाळी. पण शुद्ध यूनिकोड बाहेर काढायचा पर्याय विचारला तर तो आणखी वरच्या आवृत्तीत.

इथे माझं मत सांगून टाकतो. स्टँडर्डच्या विरोधात उभं राहून स्टँडर्ड पाडणं कोणालाच परवडत नाही, फार उघडं पडतं ते. आत घेऊन पाडतात. नाव लावायचं, जाहिरातीत चिकटवायचं, आत येण्याची वाट गुळगुळीत करायची, आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर एवढासा खडा ठेवायचा, इतका लहान की तक्रार करणाराच किरकिरा वाटावा.

कमिटीच्या मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा खजिनदार भाईंचं म्हणणं सरळ होतं, 'कित्याक ही माथेफोड, पैसे टाका आणि मोकळे व्हा.' चूक नव्हतं त्यांचं, ते दिवसभर दुकान सांभाळून मंडळाचे हिशेब बघतात. तरुण सभासदांपैकी एकाचं म्हणणं की सगळं गूगल डॉक्समध्ये टाकूया, फुकट आहे. आणि सर म्हणाले की एवढ्या मोठ्या कंपन्या असं मुद्दाम करतात हे काही पटत नाही, तांत्रिक कारण असेल. सरांसाठी मग मी मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फायलींचं प्रकरण सांगितलं, कारण ते सगळं कागदोपत्री आहे.

झालं असं होतं की ओडीएफ नावाचा कागदपत्रांचा एक खुला फॉरमॅट २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने मंजूर केला आणि २००६ मध्ये तो आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाला, नंबर २६३००. म्हणजे पत्र, तक्ता, सादरीकरण असं काहीही कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहा, कुठल्याही दुसऱ्यात उघडा. सरकारं तिकडे वळतील अशी चिन्हं दिसायला लागली तेव्हा मायक्रोसॉफ्टने ओडीएफला नको नाही म्हटलं, स्वतःचा दुसरा फॉरमॅट मानक म्हणून पुढे केला, ओओएक्सएमएल, म्हणजे आपलं डॉकएक्स, एक्सएलएसएक्स. आधी एक्मा या संस्थेकडून २००६ च्या डिसेंबरात मंजुरी, मग आयएसओकडे जलद मार्गाने. सहा हजारांहून जास्त पानांचं मानक. त्यात 'वर्ड ९५ प्रमाणे मोकळी जागा सोड' अशा अर्थाच्या खुणा होत्या, पण वर्ड ९५ नेमकी कशी जागा सोडतं ते पहिल्या मसुद्यात सांगितलेलंच नव्हतं, म्हणजे ज्याने वर्ड ९५ लिहिलं त्यालाच ते माहीत. १९०० साल लीप वर्ष धरायचं ही लोटस १-२-३ या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमपासून चालत आलेली जुनी चूकही एक्सेलबरोबर त्यात आली. सप्टेंबर २००७ च्या मतदानात ते पडलं, फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हाला दुरुस्त्यांची बैठक झाली आणि एप्रिलमध्ये मंजूर झालं. भारताने दोन्ही वेळा 'नाही' म्हटलं होतं. नंतर भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं, ते ऑगस्टमध्ये फेटाळलं गेलं.

पुढचा भाग आमच्या पानाशी जास्त जुळतो. मंजूर झालेल्या मानकात दोन पातळ्या आहेत, एक 'स्ट्रिक्ट', स्वच्छ, आणि एक 'ट्रान्झिशनल', ज्यात जुना सगळा केर ठेवला आहे, संक्रमणापुरता म्हणून. ऑफिस २०१० स्ट्रिक्ट नुसतं वाचू शकत होतं, लिहायची सोय २०१३ मध्ये आली, आणि आजही तुम्ही नुसतं सेव्ह दाबलं की जे होतं ते ट्रान्झिशनल. किती लोकांनी कधी 'सेव्ह ॲज'मध्ये खाली जाऊन स्ट्रिक्ट निवडलं असेल? आणि एप्रिल २००९ मध्ये ऑफिस २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ओडीएफचा सपोर्ट दिला तेव्हा ओपनऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केलेला हिशेबाचा तक्ता एक्सेलमध्ये उघडला की आकडे दिसायचे आणि सूत्रं गायब. बचाव असा होता की ओडीएफच्या त्या आवृत्तीत सूत्रं कशी लिहायची ते ठरलेलंच नव्हतं, आणि ते खरं होतं, ते १.२ मध्ये आलं. स्टँडर्डवाल्यांनी भोक ठेवलं होतं हे मान्य करायलाच हवं. पण बाकीचे प्रोग्रॅम त्या भोकातूनही आपसात सूत्रं नेत होते, आणि खजिनदार भाईंना हे मात्र लगेच समजलं: बेरीज दिसते पण बेरीज होत नाही, असला ताळेबंद ऑडिटरला दाखवून बघा.

गूगलवाल्या मुलालाही एक गोष्ट सांगितली. २००५ मध्ये गूगल टॉक आलं ते एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर, आणि पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशीही त्यावरून बोलता यायचं, जसं कुठल्याही ईमेलवरून कुठल्याही ईमेलला जातं तसं. माणसं जमली. २०१३ मध्ये हँगआउट्स आणलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं ठेवलं नाही. गूगल डॉक्सबद्दल माझी तक्रार नाही, त्यात मराठी नीट यूनिकोडमध्ये बसतं आणि ओडीटी (ओडीएफमधली लिखाणाची फाइल) म्हणून उतरवूनही घेता येतं, आज येतं, म्हणून आजच उतरवून घेत चला एवढंच. (दाराच्या या बाजूची चर्चा कोणी करत नाही, सगळे फीचर बघतात. मी आता कुठलंही सॉफ्टवेअर आलं की पहिला प्रश्न हाच विचारतो, यातून बाहेर कसं पडायचं, आणि विकणाऱ्याचा चेहरा बघतो.)

शेवटी कमिटीने ठरवलं की नवीन आवृत्ती घ्यायची नाही. तत्त्वाचा विजय वगैरे झाला नाही हां, दर वर्षाचे पैसे भाईंना झेपेनात हे खरं कारण. जुना मजकूर आपणच बाहेर काढायचा.

तर ते काम. फॉन्टच्या सगळ्या जागा, म्हणजे ३३ पासून २५५ पर्यंत, एकेक कोड आणि त्याखाली त्या फॉन्टमधलं चित्र, असा तक्ता छापला आणि ताईसमोर ठेवला. ती पेन्सिल घेऊन सांगत गेली: हा रफार, हा रफार पण अनुस्वारासकट, हा पोटफोड्या ष अर्धा, हा काना, हा पण काना पण रुंद अक्षरापुढचा, हा उकार र ला लागणारा, हे काय आहे मला माहीत नाही पण मी ते कधी वापरलं नाही. एकाच कान्याला तीन जागा होत्या. तिला हे सगळं तोंडपाठ, कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसलेलं. कंपनीने तो तक्ता कधी छापून दिला नव्हता, मागितला तर म्हणाले तो आमच्या मालकीचा आहे.

तक्ता झाला तरी नुसतं अदलाबदल करून भागत नाही, क्रम फिरवावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी पुढे आहे ती मागे न्यायची, पण एका अक्षराच्या मागे नाही, अख्ख्या जोडाक्षराच्या मागे. रफाराचं उलट. 'वर्षा' हा शब्द त्या फाइलमध्ये व, ष, काना, रफार असा असतो, कारण रफार सगळ्यात शेवटी वर चढवतात, आणि यूनिकोडमध्ये र ला हलंत होऊन ष च्या आधी यावं लागतं, म्हणजे रफार दिसला की मागे मागे जात काना, मात्रा, वेलांटी ओलांडून व्यंजन शोधायचं आणि त्याच्या आधी बसवायचं, आणि 'धार्मिक' सारखं काही आलं की दोन्ही बाजूंनी तारांबळ. आणि मग मराठीचा खास अर्धा र, दुसऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर यातला. तो नीट नाही सांभाळला तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ते तुम्ही नेटवर रोज बघता. यूनिकोडमध्येही तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, ॲ सुद्धा तसाच, अ वर चंद्र देऊन पण होतो आणि २००८ मध्ये त्याला स्वतंत्र जागाही मिळाली, दिसायला दोन्ही सारखे, सर्चला वेगळे. म्हणजे खुलं स्टँडर्ड म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. फरक एवढाच की हे दोष छापील आहेत, कोणीही वाचू शकतो, आणि एकदा नियम ठरवला की आपला आपण सरसकट लावू शकतो.

त्रास झाला तो रोमन मजकुराचा. एका अंकात मांडो या गोव्यातल्या गाण्याच्या प्रकारावर मोठा लेख होता, त्यात रोमी कोंकणीतल्या ओळीच्या ओळी रोमन लिपीतच दिलेल्या. आता फाइलमध्ये मराठी पण रोमन अक्षरं आणि रोमन पण रोमन अक्षरं, वेगळं ओळखणार कसं? नुसता टेक्स्ट बाहेर काढला तर सगळ्या मांडोंचं मराठी कडबोळं होऊन आलं. म्हणून पेजमेकरमधून आरटीएफ काढावं लागलं, त्यात कुठल्या तुकड्याला कुठला फॉन्ट आहे ते राहतं. ज्या फायली पेजमेकरमध्ये उघडेनात त्यातल्या काही लिब्रेऑफिस ड्रॉ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या, त्याला पेजमेकर वाचायची सोय २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे, डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्टच्या लोकांनी तो फॉरमॅट बाहेरून उकलून काढला म्हणून. पेजमेकर बनवणाऱ्या कंपनीकडून नाही.

आणि मधेच एका वर्षापासून पुढे आमचा तक्ता चुकायला लागला. सगळे 'द्व' जाऊन तिथे 'ऱ्य' यायला लागले. ताई म्हणाली, 'हो, त्या वर्षी अपग्रेड घेतलं होतं ना.' कंपनीने स्वतःच्याच फॉन्टमधल्या काही जागा हलवल्या होत्या, नाव तेच ठेवून. आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांची पानं आपल्याच नव्या फॉन्टमध्ये बिघडतात, मग सगळ्यांनाच अपग्रेड. दुसरा तक्ता केला.

बहुतेक लेख आले. दोन अंकांच्या फायली मेलेल्याच निघाल्या, ते छापील प्रतीवरून स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने वाचून घेतले, मग दोघी निवृत्त शिक्षिकांनी बसून प्रुफं तपासली. पानांची मांडणी मात्र गेली. चौकटी, सजावटीची शीर्षकं, ताईने जीव ओतून केलेली कवितांची पानं, त्यातलं काही यूनिकोडमध्ये येत नाही, ते पीडीएफमध्ये चित्र म्हणून ठेवलं. पीडीएफचं एक मला बरं वाटतं, ते मुळात अडोबीचं, पण २००८ मध्ये त्यांनी ते आयएसओला देऊन टाकलं, मानक ३२०००, म्हणजे कंपनीने ठरवलं तर धंदा न बुडवता देता येतं. पण पीडीएफ झालं म्हणून आतला मजकूर सुधारत नाही, जुन्या फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमधून कॉपी केलं तर तोच डॉलर-टक्का-कंस येतो.

पीएचडीवाल्या मुलीला सर्च मिळाला. तिने 'काला' शोधलं आणि तिला अपेक्षित नव्हते असे लेख सापडले, एक तर पेडण्याकडच्या एका गृहस्थांनी वाचकांच्या पत्रात लिहिलेला मजकूर, अनुक्रमणिकेत त्याचा उल्लेखही नाही. पुस्तकाचं काम चालू आहे. नवीन अंक आता यूनिकोडमध्ये लागतो, मुक्ता फॉन्टमध्ये, तो मुंबईच्या एक टाइपचा, खुल्या परवान्याचा. ताईला त्यातलं ओळींमधलं अंतर अजून पसंत नाही आणि तिचं बरोबर आहे. म्हापशाच्या प्रेसला पीडीएफ जातं, मंडळाकडे त्याच्यासोबत ओडीटी आणि साधी टेक्स्ट फाइल राहते, आणि एक प्रत पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीला द्यायचं ठरलंय, छापील अंकासोबत पेनड्राइव्ह घेतात का ते विचारून यायचं काम माझ्याकडे आहे.

जुना पीसी आणि लॉक टाकून देता आलेले नाहीत. चवथीच्या स्मरणिकेला बाजारातल्या दुकानदारांच्या, सोसायट्यांच्या, देवस्थानांच्या जाहिराती येतात, त्या बाहेरच्या डीटीपीवाल्यांकडून, आणि त्यातल्या निम्म्या अजून त्याच जुन्या कोडमध्ये असतात. त्यांना कोण सांगणार, त्यांची पानं छापून येतात, काम संपतं. ताई त्या आधी तक्त्यातून काढते आणि मग अंकात लावते, आणि यंदापासून तिने त्याचे दर जाहिरातीमागे वेगळे पैसे लावलेत. भाईंनी थोडी कुरकुर केली, मग जाहिरातीच्या दरात तेवढे वाढवून घेतले.